मूल कुठे राहते, हा पहिला प्रश्न

मागच्या अंकात परदेशी नोकरी करणाऱ्यांच्या प्राप्तिकराविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीच पत्रे कराविषयी नव्हती, मुलांसाठी सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्यांविषयी होती. ठाणे आणि नवी मुंबईत आता एकाच मजल्यावर असे दोन दरवाजे सहज सापडतात की एकामागे जर्मनीला गेलेल्या मुलाचे आईवडील राहतात आणि दुसऱ्यामागे माहेरी कर्नाटकात बाळंत होऊन परतलेली सून. दोघांचा प्रश्न वरवर वेगळा असला तरी नेमका तोच असतो : अर्ज कुठल्या सरकारकडे करायचा आणि कधी? आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे निवडून येथे संक्षेपाने दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे पती मागील सप्टेंबरपासून श्टुटगार्टमध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यावर, नोकरी करत आहेत. मी नऊ आणि चार वर्षांच्या दोन मुलांसह येथेच आहे. शाळेचे वर्ष संपले की मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला आम्ही तिकडे जाणार आहोत. पतींच्या पगारातून तिथला पूर्ण कर कापला जातो, तेव्हा मुलांचा भत्ता त्यांना आत्तापासूनच मिळायला हवा, असे त्यांचे सहकारी सांगतात. अर्ज आत्ता करावा की गेल्यावर? मागचे महिने बुडतील का? — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि घोटाळा त्या अर्ध्यामुळेच होतो. जर्मनीत मुलांच्या भत्त्याला किंडरगेल्ड म्हणतात आणि तो देण्याचे काम तिथल्या रोजगार विभागाच्या अखत्यारीतील फामिलिएनकासे हे कार्यालय करते. जानेवारी २०२६ पासून ही रक्कम प्रत्येक मुलामागे दरमहा २५९ युरो आहे. त्याआधी, २०२५ मध्ये, ती २५५ युरो होती. भत्ता मागणारा कोण आणि तो कोणासाठी मागतो, हे दोन प्रश्न तिथला कायदा वेगवेगळे विचारतो. पहिल्या प्रश्नात तुमचे पती उत्तीर्ण होतात, कारण ब्लू कार्डधारकाला हा हक्क पहिल्या दिवसापासून असतो. दुसऱ्या प्रश्नात मात्र मुलाचे राहते घर जर्मनीत, युरोपीय संघात, युरोपीय आर्थिक क्षेत्रातील अन्य देशांत किंवा स्वित्झर्लंडमध्ये असावे लागते, आणि कोपरखैरणे यांपैकी कशातच येत नाही. वडील कितीही कर भरोत, मुले भारतात राहत असतील त्या महिन्यांचा भत्ता मिळत नाही. म्हणजे तुमचे मागचे महिने बुडालेले नाहीत. ते कधी तुमचे नव्हतेच.

मग सहकारी असे का सांगतात? बहुधा त्यांच्यापैकी कोणी पोलंडचा किंवा रुमानियाचा असेल. युरोपीय संघातील देशांनी आपापल्या सामाजिक सुरक्षेचे नियम एकमेकांशी जोडलेले आहेत, त्यामुळे त्याची मुले गावी आजीकडे असली तरी त्याला भत्ता मिळू शकतो. भारत आणि जर्मनी यांच्यातही सामाजिक सुरक्षेचा करार आहे आणि तो १ मे २०१७ पासून लागू आहे, परंतु त्याचा विषय निवृत्तिवेतनाचा आहे. मुलांच्या भत्त्यासाठी त्याचा आधार घेता येत नाही.

तरीही मुले येथे असतानाच्या महिन्यांचे सगळेच हातचे जाते असे नाही. जर्मन प्राप्तिकरात मुलांसाठी करमुक्त उत्पन्नाची एक रक्कम ठरलेली आहे आणि ती मुले परदेशात राहत असली तरीही मागता येते. फक्त मूल ज्या देशात राहते तिथल्या राहणीमानानुसार ती कमी केली जाते. या वर्गवारीत भारतासाठी एक चतुर्थांश रक्कम धरली जाते. पतींनी वार्षिक विवरणपत्र भरताना मुलांचे स्वतंत्र पुरवणीपत्र जोडावे. यातून हाती येणारी रक्कम भत्त्याच्या मानाने लहान असेल, पण ती कायदेशीर आहे आणि बहुतेक लोक ती मागतच नाहीत, कारण भत्ता नाकारला गेला की पुढे काही विचारायचे असते हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

आता तारखेविषयी, कारण तुमच्या बाबतीत खरा फायदा-तोटा येथे आहे. किंडरगेल्ड दिवसांवर मोजले जात नाही, महिन्यावर मोजले जाते. ज्या महिन्यात एक दिवस जरी सर्व अटी पूर्ण झाल्या, त्या संपूर्ण महिन्याचा भत्ता मिळतो. तुम्ही ३० मे रोजी पोहोचून पतींच्या घरी राहू लागलात तर मे महिना तुमचा. २ जूनला पोहोचलात तर नाही. दोन मुलांचे ५१८ युरो या तीन दिवसांवर अवलंबून आहेत. तिकिटे अजून काढलेली नसतील तर एवढे एक लक्षात ठेवा. मात्र त्यासाठी नऊ वर्षांच्या मुलाची वार्षिक परीक्षा किंवा शाळा सोडल्याचा दाखला अर्धवट टाकून पळू नका. तो दाखला तिथल्या शाळाप्रवेशाच्या वेळी हाताशी असलेला बरा.

अर्ज मागील तारखेने चालतो, पण फक्त सहा महिन्यांपर्यंत : अर्ज ज्या महिन्यात कार्यालयात पोहोचतो त्याच्या आधीचे सहा महिने. मेमध्ये पोहोचून नोव्हेंबरमध्ये अर्ज केला तरी मेपासूनचे पैसे मिळतील. डिसेंबरमध्ये केला तर मे महिना कायमचा गेला. म्हणून कागद अपुरे असले तरी अर्ज पाठवून द्यावा आणि राहिलेले कागद मागाहून जोडावेत. आपल्याकडे खिडकीवरचा बाबू अपुरा अर्ज परत करतो, त्यामुळे सगळी फाइल तयार झाल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलेले असते. तिथे ही सवय पैसे घालवते.

अर्जासाठी अर्जदाराचा आणि प्रत्येक मुलाचा कर-ओळख क्रमांक लागतो. मुलांचा क्रमांक मिळण्याचा मार्ग असा : घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात सर्वांच्या पत्त्याची नोंदणी करायची, ज्याला तिथे आनमेल्डुंग म्हणतात, त्यानंतर काही आठवड्यांत क्रमांक टपालाने घरी येतो. येथे एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट सांगतो. आपल्याकडे पाकिटावर फ्लॅटचा क्रमांक असला की वॉचमन किंवा शेजारी ते बरोबर पोहोचवतात. जर्मनीत पत्त्यात बहुधा फ्लॅटचा क्रमांकच नसतो आणि पोस्टमन इमारतीच्या दाराशी लावलेल्या पेट्यांवरची आडनावे वाचून पत्र टाकतो. पेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जाते. तुमचे पासपोर्टवरचे आडनाव पतींपेक्षा वेगळे, म्हणजे माहेरचे असेल, तर पेटीवर दोन्ही आडनावे आत्ताच लावून घ्यायला सांगा.

माहेरच्या आडनावाचा विषय निघालाच आहे तर मुलांचे जन्मदाखले काढून पाहा. महापालिकेच्या दाखल्यावर आईचे नाव सासरचे आणि पासपोर्टवर माहेरचे, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे आणि येथे त्यामुळे कोणाचेच अडत नाही. परदेशी कारकुनाला मात्र त्या दोन वेगळ्या स्त्रिया वाटतात. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही नावांना जोडणारा दुवा ठरतो. तो जवळ ठेवा. दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामी असेल, आणि रुग्णालयातून घाईने आलेल्या दाखल्यांत ती बरेचदा असते, तर ते नाव जन्मनोंदणीनंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. मात्र ते जिथे जन्म झाला त्याच हद्दीतील निबंधकाकडे. तुम्ही आज कोपरखैरण्यात राहत असलात तरी बाळंतपण ठाण्यात झाले असेल तर ठाणे महापालिकेकडेच जावे लागेल.

आणखी एक. ‘अपोस्टिल करून देतो’, म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर सरकारी प्रमाणपत्र लावून आणतो, असे सांगणारे एजंट वाशीत जागोजागी आहेत. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे हे खरे, परंतु भारताच्या बाबतीत जर्मनीने त्या कराराला हरकत घेतलेली असल्याने भारतीय दाखल्यावरचे अपोस्टिल तिथे ग्राह्य धरले जात नाही. तिथले कार्यालय गरज वाटल्यास दूतावासामार्फत दाखल्याची स्वतंत्र पडताळणी करून घेते. तेव्हा एजंटाला पैसे देण्याआधी, हा कागद नेमका कोणी मागितला आहे, ते लेखी विचारा. अनुवाद मागितला गेलाच, तर तो जर्मनीतील शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्यावा.

एका मुलाचा भत्ता एकाच पालकाला मिळतो. तो कोणाच्या खात्यात यावा हे तुम्ही दोघांनी ठरवून अर्जावर सही करायची असते. माझे मत विचाराल तर तुमच्या खात्यात घ्या. नव्या देशात पहिले काही महिने स्वतःच्या नावावर नियमित येणारी ती एकच रक्कम असण्याचा संभव आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई स्किल्ड वर्कर व्हिसावर लेस्टरला आहेत. तिथे मार्चमध्ये नातू झाला. बाळ तिथेच जन्मल्यामुळे चाइल्ड बेनिफिट मिळतेच आणि सगळे जण अर्ज करतात, असे त्यांना शेजाऱ्यांनी सांगितले आहे. जावई मात्र टाळाटाळ करत आहेत. — एक ज्येष्ठ वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आपले जावई टाळाटाळ करत नाहीत, त्यांनी व्हिसाच्या अटी वाचलेल्या दिसतात. ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या बहुतेकांच्या परवान्यावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते, आणि चाइल्ड बेनिफिट हे त्या सार्वजनिक निधीच्या यादीत नाव घेऊन नमूद केलेले आहे. बाळाचा जन्म तिथे झाला म्हणून पालकांवरची अट सुटत नाही. शिवाय दोघेही अशा व्हिसावर असतील तर तिथे जन्मल्याने बाळ ब्रिटिश नागरिकही होत नाही. अट असताना अर्ज केला आणि पैसे मंजूर झाले, तरी तो व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो आणि पुढे मुदतवाढीच्या किंवा कायम वास्तव्याच्या अर्जाच्या वेळी तोच कागद समोर येतो. २०२५-२६ मध्ये पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड असा दर होता. एवढ्या पैशांसाठी दोघांची नोकरी पणाला लावण्यात अर्थ नाही.

शेजारी खोटे सांगत असतील असे नाही. त्यांच्यापैकी अनेक जण कायमचे रहिवासी किंवा नागरिक असतील आणि त्यांना तो हक्क आहेच. आई किंवा वडील यांपैकी एकाला कायम वास्तव्याची परवानगी मिळाली की त्याने अर्ज करावा. मात्र तो लगेच करावा, कारण तिथे मागील फक्त तीन महिन्यांचे पैसे मिळतात. दोघांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याची वार्षिक कमाई ६०,००० पौंडांच्या वर गेली की भत्त्याचा काही भाग कराच्या रूपाने परत घेतला जातो आणि ८०,००० पौंडांना तो सगळाच परत जातो, हेही तेव्हा पाहून घ्यावे. सरकारी आरोग्यसेवा आणि सरकारी शाळा यांचा समावेश या मनाई असलेल्या यादीत होत नाही, म्हणून नातवाच्या लसी आणि दवाखाना यांबाबत आपण निश्चिंत असावे.

प्रश्न : आम्ही म्युनिकला सहा वर्षे होतो. सासऱ्यांच्या आजारपणामुळे मी आणि दोन्ही मुले १२ जून २०२५ रोजी ऐरोलीला परतलो, मुलांना येथील शाळेत घातले. पती अजून तिकडेच नोकरी करतात. भत्ता पतींच्या खात्यात जानेवारी २०२६ पर्यंत येत राहिला आणि नंतर बंद झाला. आता पैसे परत मागणारे पत्र आले आहे. पती तिथे कर भरतच आहेत, आम्ही काही फसवले नाही. काय करावे? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : पहिल्या पत्राचे उत्तर वाचले असेल तर तुमच्या प्रकरणाचा मधला भाग तुमच्या लक्षात आला असेल. मुले सुटीसाठी आजीआजोबांकडे आली तर त्यांचे जर्मनीतले घर सुटत नाही. परंतु येथील शाळेत प्रवेश घेणे, तिथल्या शाळेतून नाव काढणे, या गोष्टींवरून त्यांचे राहते घर बदलले असाच अर्थ निघतो. जूनच्या १२ तारखेपर्यंत मुले तिथे होती, म्हणून जून महिना पूर्ण तुमचा. जुलैपासून हक्क संपला. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांचे २५५ युरोप्रमाणे १,५३० आणि जानेवारीचे २५९ मिळून एका मुलाचे १,७८९, दोघांचे ३,५७८ युरो होतात. पत्रातला आकडा याच्याशी ताडून पाहा. तो ४,०८८ असेल तर त्यांनी जूनही धरलेला आहे आणि तेवढ्यापुरती हरकत घेण्यास तुम्हाला भक्कम जागा आहे.

हरकत घेण्याची मुदत पत्र मिळाल्यापासून एक महिना आहे. ती लेखी घ्यावी लागते आणि सोबत १२ जूनच्या प्रवासाचा पुरावा लागतो. विमानात चढतानाचा पास सहसा कोणी जपून ठेवत नाही. पासपोर्टवरचा मुंबई विमानतळाचा आगमनाचा शिक्का हा त्याहून चांगला पुरावा आहे. त्या पानाची प्रत, नगर कार्यालयातून पत्ता काढल्याचा कागद आणि ऐरोलीच्या शाळेचा प्रवेशाच्या तारखेसह बोनाफाइड दाखला एवढे जोडा. हरकत घेतली म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, तेव्हा थांबवण्याची किंवा हप्ते बांधून देण्याची मागणी वेगळी करावी. नोकरी चालू असलेल्या माणसाला हप्ते सहसा नाकारले जात नाहीत.

‘आम्ही फसवले नाही’ हे तुमचे वाक्य मात्र त्या पत्रात जसेच्या तसे लिहू नका. हेतू वाईट नव्हता यावर माझा विश्वास आहे. आजारी माणसाच्या धावपळीत एक पत्र लिहायचे राहून जाते. पण कुटुंबात झालेला प्रत्येक बदल विनाविलंब कळवण्याचे बंधन अर्जावर सही करतानाच पतींनी मान्य केलेले असते, आणि किंडरगेल्ड हे कर कायद्यात बसवलेले असल्यामुळे ते चुकीने घेत राहणे कर चुकवण्याच्या अंगानेही तपासले जाऊ शकते. जुलैपासूनची रक्कम बिनतक्रार मान्य करणे, जूनपुरती मुद्देसूद हरकत घेणे आणि उशिराचे कारण वैद्यकीय कागदांसह एका परिच्छेदात सांगणे, एवढे पुरेसे आहे. पतींच्या विवरणपत्रात जुलैपासूनच्या महिन्यांसाठी मुलांची ती एक चतुर्थांश करसवलत मागायला विसरू नका.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडावे का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. मुलगी आता येथे राहते, तेव्हा उघडता येईल. मात्र पुन्हा परदेशी जाऊन ती अनिवासी झाली तर खाते बंद करावे लागते. वर्षभरात परत जाण्याचा विचार असेल तर थांबलेले बरे.

प्रश्न : बहीण वर्क परमिटवर ब्रॅम्प्टनला सहकुटुंब गेली आहे. कॅनडात पोहोचताच मुलांचे पैसे सुरू होतात का? — एक वाचक, वसंत विहार, ठाणे

उत्तर : नाही. तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांनी आधी कॅनडात सलग १८ महिने राहावे लागते आणि १९ व्या महिन्यात परवाना वैध असावा लागतो. कायम वास्तव्याची परवानगी घेऊन गेलेल्यांना ही वाट पाहावी लागत नाही. तिथला भत्ता कौटुंबिक उत्पन्नानुसार घटत जातो. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालील मुलामागे तो जास्तीत जास्त ७,९९७ आणि ६ ते १७ वर्षांच्या मुलामागे ६,७४८ कॅनडियन डॉलर आहे. उत्पन्न शून्य असले तरी पतिपत्नी दोघांनीही दरवर्षी विवरणपत्र भरलेच पाहिजे. एकाचे राहिले की भत्ता अडतो. बहिणीला सांगा की १८ महिने कधी भरतात ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेव.

प्रश्न : मी कळव्यात रिक्षा चालवतो. केशरी रेशनकार्ड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पत्नीचे पहिले बाळंतपण तिच्या माहेरी विजयपूर जिल्ह्यात झाले, मुलगी झाली. मुलगी कर्नाटकात जन्मली म्हणून लेक लाडकी योजनेत बसत नाही, असे येथे एकाने सांगितले. खरे आहे का? पत्नीला पाच हजार मिळतात तेही अजून मिळालेले नाहीत. — एक वाचक, कळवा

उत्तर : आपल्या देशात सर्व मुलांना सरसकट मिळणारा मासिक भत्ता नाही, जे आहे ते ठरावीक कुटुंबांसाठी आणि टप्प्याटप्प्याने आहे. लेक लाडकी ही त्यांतली महाराष्ट्राची मुख्य योजना. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावरच्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळतात. अट कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी असण्याची आहे, बँक खाते महाराष्ट्रातील असण्याची आहे आणि वार्षिक उत्पन्न एक लाखापेक्षा जास्त नसण्याची आहे. बाळंतपणासाठी माहेरी जाणे हे रहिवास सोडणे नव्हे. तुमचे रेशनकार्ड, आधार आणि राहणे कळव्याचे असेल तर मुलीचा जन्मदाखला कर्नाटकातला आहे एवढ्यावरून तिचा अर्ज नाकारला जाऊ नये.

अर्ज तुमच्या भागातील अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा आहे. सेतू केंद्राबाहेर पाचशे रुपये घेऊन फॉर्म भरणाऱ्याची गरज नाही. लागणारे कागद म्हणजे मुलीचा जन्मदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आईवडिलांचे आधार, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि रेशनकार्ड. पहिल्या हप्त्याला मुलीचे आधार सक्तीचे नाही. येथे जन्मदाखल्याचा एक पेच येऊ शकतो. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणून तुमचा दाखला विजयपूरहून येणार आणि तो कन्नड व इंग्रजीत असणार. इंग्रजी मजकुरात तुमच्या गावाचे, आडनावाचे स्पेलिंग तुमच्या आधारवरच्या स्पेलिंगशी अक्षरन् अक्षर जुळते का, ते सासुरवाडीहून फोटो मागवून आजच पाहा. ‘पवार’मधला व एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसऱ्या अक्षराने लिहिलेला असतो, आणि दुरुस्ती करायची तर ती तिकडच्या निबंधकाकडेच होते. पुढच्या वेळी पत्नी माहेरी जाईल तेव्हा हे काम तिच्यासोबत पाठवा.

मुलीचे नाव रेशनकार्डात चढवून घेणेही राहिले असेल. तेही करा, आणि पुढे दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा की नंतरच्या हप्त्यांसाठी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र मागितले जाते. पहिल्या अपत्याला ते तिसऱ्या हप्त्याच्या वेळी लागते, म्हणजे तुमच्याकडे वेळ भरपूर आहे.

पाच हजार रुपयांची योजना वेगळी, ती केंद्राची मातृवंदना योजना. पहिल्या अपत्यासाठी ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास एकरकमी ६,००० रुपये, थेट आईच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. तुमच्यासारख्या प्रकरणात पैसे अडण्याचे ठरलेले कारण असे की गरोदरपणाची नोंद कळव्यात झाली, लसी विजयपुरात टोचल्या, आणि दोन्हींचे कागद एकमेकांना भेटलेच नाहीत. माता-बाल संरक्षण कार्ड हे छोटे पुस्तक हरवले नसेल तर तेच तुमची फाइल आहे. त्यात तिकडच्या लसींची नोंद आणि शिक्का आहे याची खात्री करून आशा सेविकेला दाखवा. नव्याने दुसरी नोंदणी करू नका. पोर्टल देशभर एकच आहे आणि आईचे आधार दोनदा आले की दोन्ही अर्ज लटकतात.

प्रश्न : माझे पती शारजात नोकरीला होते. गेल्या वर्षी तिथेच त्यांचे निधन झाले. मी खारघरला दोन मुलांसह भाड्याने राहते. मुलांसाठी महिना सव्वादोन हजार रुपये मिळतात असे ऐकले. ठाण्याच्या कार्यालयात गेले तर ‘तुम्ही आमच्याकडे येत नाही’ म्हणाले. — एक वाचक, खारघर

उत्तर : त्यांनी उत्तर बरोबर दिले, पण कुठे जायचे तेही सांगायला हवे होते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे भाग पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतात, म्हणून तुमचे जिल्हा महिला व बालविकास कार्यालय अलिबागला आहे. सिडकोचे नोड सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे ही चूक हमखास होते. प्रत्यक्ष अलिबागला जाण्याआधी फोनवर कागदांची यादी लिहून घ्या, म्हणजे खेप एकच पडेल.

योजनेचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेली मुलेही तीत येतात आणि अठरा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्जानंतर घरी भेट देऊन अहवाल तयार होतो आणि बाल कल्याण समिती आदेश देते. पैसे त्या आदेशानंतरच सुरू होतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि मुलांचे बोनाफाइड दाखले यांची वाट न पाहता अर्जाची पोच आधी घ्या. पतींच्या मृत्यूचा दाखला अरबीत असेल तर त्याचा अनुवाद लागेल. भारतीय नागरिकाच्या परदेशातील मृत्यूची नोंद तिथला आपला वाणिज्य दूतावास करतो आणि त्याचे प्रमाणपत्र देतो. पार्थिव आणताना ही नोंद झालेली असण्याचा संभव आहे, म्हणून ज्या नातेवाइकाने किंवा कंपनीच्या माणसाने तेव्हाचे कागद हाताळले त्याच्याकडे आधी चौकशी करा. भाड्याच्या घराचा नोंदणीकृत करार तुमच्या नावावर नसेल, अजून पतींच्याच नावावर असेल, तर रहिवासाच्या पुराव्यासाठी नूतनीकरणाच्या वेळी तो तुमच्या नावाने करून घ्या.